कऱ्हेकाठची अवचित प्रीत

मागे एकदा इंदापूरला शिक्षकांच्या बैठकीला जाण्याचा योग आला. विषय होता शाळेचे वाचनालय. बैठक संपत आली, चहा आला, आणि एका वयस्क गुरुजींनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरले. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकावा तसे ते दोन बोटांत धरलेले होते. नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात सापडले, म्हणाले. मुखपृष्ठावर एक मुलगा, एक मुलगी आणि दोघांत मिळून एक छत्री.

"तुम्ही मराठीचे एम. ए. ना? मग सांगा सर, ह्याला साहित्य म्हणायचं का?"

"दोन दिवस द्या, वाचून सांगतो," मी म्हटले. मंडळी हसली. परतीच्या एस. टी. त निमगाव केतकी येईपर्यंत निम्मे पुस्तक वाचून झाले आणि बारामतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ते संपले होते. गोष्ट साधीच. एक मुलगी चुकीच्या गाडीत बसते, शेजारच्या मुलाशी खिडकीवरून भांडते, पाऊस लागतो, गाडी अडते, आणि शेवटच्या पानावर ती दोघे मांडवात उभी असतात. पहिल्या दहा पानांतच मला शेवट कळला होता, तरी पुस्तक खाली ठेववले नाही. असे का झाले, याचा मी बरेच दिवस विचार करीत राहिलो. आजचे भाषण म्हणजे गुरुजींना द्यायचे राहिलेले ते उत्तर आहे, असे समजा.

श्रोतेहो, ध्यानीमनी नसताना प्रेम भेटते, दोघांची फजिती होते, आणि मग सारे गोड होते, ही गोष्ट काही शहरातल्या छापखान्यात जन्मलेली नाही. ती आपल्या कऱ्हेच्या पाण्याइतकी जुनी आहे. कऱ्हा सासवडवरून येते, जेजुरीजवळून वाहते, मोरगावावरून आमच्या बारामतीला येते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. या एवढ्याशा नदीच्या काठाने चालत गेले तरी अशा तीन-चार प्रेमकथा वाटेत भेटतात. म्हणून मी गुरुजींना लांबच्या ग्रंथांचे दाखले देणार नाही. जेजुरीचाच देतो.

खंडोबा आणि बाणाई यांची कथा तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जागरण होते त्यांनी शंभरदा ऐकली असेल. गाणाऱ्यागणिक तिच्यात थोडाबहुत फरक पडतो, पण सांगाडा असा. देवाचे म्हाळसेशी लग्न झालेले. म्हाळसा वाण्याची लेक. घर नीटनेटके चाललेले. आणि एक दिवस देवाचे मन धनगराच्या बाणाईवर जडते. आता घरी सांगायचे कसे? देव म्हाळसेबरोबर सारीपाट खेळायला बसतो, पैज लावतो, आणि हरतो. हरणाराने बारा वर्षे वनवासाला जायचे, अशी ती पैज. म्हणजे घरातून बाहेर पडायला सबब झाली! पुढे देव म्हाताऱ्या गड्याचे रूप घेऊन बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढ्या राखतो, वाघरी लावतो. मेंढ्या धुवायला सांगितल्या तर नदीवर नेऊन आपटून आपटून मारतो. धनगर ऊर बडवू लागला की म्हणतो, "जित्या करून देतो, पण बाणाई मला द्यायची." मेंढ्या उठतात, लग्न होते, आणि देव बाणाईला घोड्यावर घेऊन जेजुरीला येतो. मग जे भांडण होते त्यात खरी रंगत. म्हाळसा वर, बाणाई गड चढताना अर्ध्या वाटेवर, असा तोडगा निघतो, आणि तो तोडगा आजही दगडात बांधलेला पाहायला मिळतो. यात्रेकरू आधी बाणाईच्या पाया पडतात आणि मग वर जातात.

वाघ्या-मुरळी ही कथा सांगू लागले की मांडवात हसू आवरत नाही. म्हाताऱ्या बायका डोळे पुसून हसतात. मेंढपाळांच्या या ओव्या गोळा करायला गुंथर सोंथायमर नावाचे एक जर्मन पंडित आयुष्यातली कितीतरी वर्षे आपल्या माळरानांवर हिंडले. आपल्याला मात्र त्या फुकट मिळतात, म्हणून त्यांची किंमत वाटत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनात फार दिवसांपासून सलते आहे. जागरण केव्हा घालतात? लग्न झाले की. नवरानवरी पाच उसांच्या मखरापुढे बसलेली असतात. त्यांचे लग्न जात पाहून, पोटजात पाहून, देवक आणि शहाण्णव गोष्टी पाहून ठरलेले असते. आणि त्यांच्यापुढे रात्रभर गायचे काय, तर देवाने घर सोडून, जात ओलांडून, गडी होऊन केलेल्या प्रेमाची कथा! पुढे ती दोघे जेजुरीला जातात, नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, आणि बाणाईपुढे हात जोडतो. देवाचे कौतुक करणारे तेच हात, घरातल्या पोराने असे काही केले तर कोणीकडे जातील, हे मी सांगायला नको.

असो. कऱ्हेच्या काठाने पुढे चलू. बारामतीला मोरोपंत राहिले. पन्हाळ्याहून आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले आणि १७९४ साली इथेच वारले. एकशे आठ रामायणे लिहिणारा हा गृहस्थ म्हणजे प्रेमकथेशी त्याचा काय संबंध, असे वाटेल. पण पंतांनी सारे महाभारत आर्यांत उतरवले, आणि महाभारताच्या आदिपर्वातच सुभद्रेचे हरण आहे. पंतांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. ज्या गावात छापील कागद पोचला नव्हता तिथेही अर्जुन-सुभद्रेचे काय झाले हे ठाऊक होते, ते या मंडळींमुळे.

याच कथेचे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात नाटक केले, 'सौभद्र'. बलरामदादाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर. अर्जुन यती होऊन रैवतक पर्वतावर येऊन बसतो, आणि बलराम इतका भोळा की तो त्या यतीला स्वतः घरी आणतो आणि बहिणीला म्हणतो, महाराजांची सेवा कर! कृष्णाला सगळे ठाऊक. प्रेक्षकाला ठाऊक. बलरामाला ठाऊक नाही, आणि सुभद्रेलाही ठाऊक नाही. मराठी माणूस सव्वाशेहून अधिक वर्षे या एका गोष्टीवर हसतो आहे, कंटाळलेला नाही.

आता एकदम आपल्या काळात येऊ. २०१० साली 'मुंबई-पुणे-मुंबई' नावाचा चित्रपट निघाला. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शन केलेला. पाहिला नसेल तर गोष्ट अशी. एका मुंबईच्या मुलीला तिच्या आईने पुण्यात एक स्थळ पाहायला धाडले आहे. तिला लग्न करायचेच नाही. नकार द्यायलाच ती आली आहे. पत्ता सापडत नाही म्हणून ती एका अनोळखी मुलाला विचारते. पुढे मोबाईलची बॅटरी संपते, आणि सारा दिवस ती त्या मुलाबरोबर पुणे हिंडते. मुंबई चांगली की पुणे, यावर भांडते. संध्याकाळपर्यंत भांडणाचे रूप पालटते. आणि शेवटी कळते की ज्याला नाकारायला ती आली होती तो मुलगा हाच! लोकांना हे इतके आवडले की २०१५ आणि २०१८ साली त्याचे पुढचे भाग निघाले. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी ही जोडी घराघरांत गेली.

आता गुरुजी, एक गंमत पाहा. गडी होऊन मेंढ्या राखणारा खंडोबा, यती होऊन बसलेला अर्जुन, आणि पुण्याचे रस्ते दाखवणारा हा मुलगा, यांच्यात काही सारखे दिसते का? तिघेही वेष पालटलेले आहेत. तिसऱ्याने दाढी लावलेली नाही की भगवे घातलेले नाही, पण आपण कोण हे त्याने सांगितले नाही, म्हणजे वेषच तो. तिन्ही ठिकाणी खरे काय ते पुरुषाला माहीत आहे, आणि मुलीला सर्वांत शेवटी कळते. देवाच्या काळी तसे, किर्लोस्करांच्या काळी तसे, आणि मोबाईलच्या काळीही तसेच.

असे का? माझे उत्तर असे आहे. आपल्याकडे मुलीने उघड्या डोळ्यांनी, "मला हा हवा," असे म्हणणे हा गुन्हा मानला गेला आहे. कायद्यात नव्हे, माजघरात. मग गोष्टीने काय करावे? तिने मुलीचे डोळे झाकावेत. तिला माहीतच नव्हते हो, तो कोण होता! ती यतीची सेवा करीत होती. ती पत्ता विचारीत होती. प्रेम झाले ते झाले, तिचा काय दोष? 'अवचित' हा शब्द म्हणजे तिच्यासाठी शिवलेले चिलखत आहे. योगायोगाच्या आडून मुलगी आपली निवड करते, आणि घरातल्या कोणाला तिच्यावर डोळे वटारता येत नाहीत. आपण हसतो ते फजितीला. पण आपल्याला बरे वाटते ते तिची सुटका झाली म्हणून. शेवट ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववत नाही, त्याचे कारण मला हेच वाटते.

आणखी एक. 'मुंबई-पुणे-मुंबई'च्या त्या पहिल्या चित्रपटात दोघांची नावेच सांगितलेली नाहीत. दिवसभर बोलतात, पण एकमेकांचे नाव विचारत नाहीत. मला आधी ही दिग्दर्शकाची चतुराई वाटली. मग लक्षात आले की विचारायची गरजच नाही. आडनाव, गाव, नातीगोती हे सारे दोन्ही आयांनी फोनवर आधीच विचारून घेतले आहे! मुलगी ज्या अनोळखी मुलाच्या प्रेमात पडली तो आईने निवडलेलाच निघाला. म्हणजे प्रेमविवाहही झाला आणि ठरवूनही झाला. कांदेपोहे वाया गेले नाहीत. हलक्याफुलक्या गोष्टीची ही मेख आहे: अडचण अशी हवी की ती चहाच्या कपासरशी मिटावी. पाऊस थांबेल, बॅटरी भरेल, चुकलेली गाडी मिळेल. जी अडचण तशी मिटत नाही, ती या गोष्टी दाराबाहेर ठेवतात.

मुलगी जर डोळे उघडे ठेवून पुढे आली तर काय होते? याचेही नमुने आहेत, आणि पहिला पुन्हा कऱ्हेकाठचाच. सासवडजवळच्या कोढीतचे आचार्य अत्रे. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हेच नाव दिले. ते स्वतः हेडमास्तर होते, क्रमिक पुस्तके त्यांनी तयार केली, तेव्हा शिक्षकांनी त्यांना परके समजू नये. १९३८ साली त्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' हा चित्रपट मास्टर विनायकांनी काढला. औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावर एक व्याख्यान ऐकतो आणि पेटून उठतो. भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो, आजन्म ब्रह्मचारी राहायचे म्हणून एका आश्रमात दाखल होतो. (व्याख्यानांचा परिणाम इतका होत असता तर आम्हा प्राध्यापकांचे काम किती सोपे झाले असते!) आणि मग तिथे किशोरी येते. ही यमुनेची राधा नव्हे की वाट पाहत बसेल. ती पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरून त्याला गाण्यातून बोलावते. ती पुढे, तो मागे. किशोरीचे काम मीनाक्षी शिरोडकर यांनी केले, आणि त्या पोशाखावरून तेव्हा केवढे काहूर उठले. पण चित्रपट तुफान चालला. इथे बावळटपणा पुरुषाच्या वाट्याला आला होता. अत्र्यांनी उलटवलेली ही बाजू पुढे फार थोड्यांनी चालवली, याचे मला वाईट वाटते.

पडद्यावर नव्हे, प्रत्यक्षातही एक उदाहरण आहे. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर दोघेही मुंबईत एका शाळेत शिक्षक होते. शिक्षकांच्या खोलीत जमलेले हे प्रेम आहे, गुरुजी, तेव्हा जरा ममतेने पाहावे! १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीला, सुनीताबाईंच्या माहेरी, दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. लग्नाच्या फॉर्मचे आठ आणे पडले आणि ते आपण खर्च केले, ही आठवण सुनीताबाईंनी मोठ्या खुशीने सांगितली आहे. १९९० साली त्यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाबरोबरचा संसार बाईच्या बाजूने कसा दिसतो, हे त्यांनी त्यात लपवाछपवी न करता लिहिले, आणि पुष्कळांना ते रुचले नाही. मला वाटते, रुचले नाही ते यासाठी की या गोष्टीत बाईचे डोळे पहिल्यापासून उघडे होते.

आणि तिसरे उदाहरण मी टाळू शकत नाही, जरी आजचा विषय हलकाफुलका असला तरी. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचे पाणी पसरले आहे. त्याच्या पलीकडच्या तीरावर करमाळा तालुका. तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१६ साली 'सैराट' काढला. आर्चीचे काम केलेली मुलगी नीरेपलीकडच्या अकलूजची. इंदापूर सोडून सराटीला मुक्काम करून तुकोबांची पालखी नदी ओलांडते, ते अकलूज. म्हणजे सगळे आपल्या हाकेच्या अंतरावरचे. त्या चित्रपटाचा पहिला अर्धा भाग काय आहे? तीच आपली हलकीफुलकी गोष्ट! विहीर, ऊस, कॉलेज, चिठ्ठ्या, मित्रांची धावपळ. थिएटरात शिट्ट्या वाजत होत्या, मीही हसत होतो. फरक दोनच. एक, इथे वेष पालटलेला कोणी नाही. आर्ची ट्रॅक्टर चालवत येते आणि स्वतः होऊन सांगते. दोन, इथे नावे आहेत, आडनावांसकट. ती पाटील आणि तो काळे. शेवट तुम्हांला ठाऊक आहे. अख्खे थिएटर गप्प होऊन बाहेर पडले. बारामतीला मी ज्या खेळाला होतो, तिथे स्टँडपर्यंत आमच्यातले कोणी बोलले नाही.

म्हणून गुरुजी, ती छत्रीची पुस्तके खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. ती अर्धी आहेत. त्यांत आडनाव येत नाही. मुलांना ती वाचू द्यावीत, दप्तरातून काढून घेऊ नयेत. काढून घेतलेले पुस्तक मुले दुप्पट आवडीने वाचतात, हा तुमचाही अनुभव असेल. पण वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: या गोष्टीत कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपवले आहे? एवढे विचारले की मुले आपोआप पुढे जातात. मी एकदा कॉलेजात बाणाईची कथा सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मेंढ्या जित्या करायच्या बदल्यात तिच्या बापानं हो म्हटलं. बाणाईला कुणी विचारलं का?" वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही. पुढे एका जागरणात तोच प्रश्न मी भीतभीत मुरळीबाईंना केला. त्यांनी घोळ खाली ठेवला, पान चघळत माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इचारलं असतं तर गाणं तितंच सरलं असतं की, मास्तर. मग रातभर आमी काय गावं?"

याच अनुषंगाने दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो, कारण खेड्यापाड्यांतली शहाणी मंडळीही याबाबत घोटाळ्यात असतात. धर्म, जात यांचा विचार न करता लग्न करायचे असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पूर्ण हवीत. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कचेरीत लावली जाते, आणि तीस दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. हरकत म्हणजे कोणती? वय कमी आहे, आधीचे लग्न कायम आहे, जवळच्या निषिद्ध नात्यातले आहेत, अशी. "आमच्या भावकीला पसंत नाही" ही हरकत कायद्याच्या वहीत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये एका निकालात स्पष्टच सांगितले आहे की दोन सज्ञान माणसांनी लग्नाचा निर्णय घेतला की घराण्याची, समाजाची किंवा कुळाची संमती आवश्यक नाही. कायदा एवढा सरळ आहे. पण नोटिशीचे ते तीस दिवस कचेरीच्या भिंतीवर नाव-आडनाव लटकते, आणि तालुक्याच्या गावी कचेरीत ओळखीचा माणूस कोणाला नसतो? नेमक्या या तीस दिवसांत पोरांच्या मागे माणसे लागतात. ही तरतूद मला स्वतःला पटत नाही. आठ आण्यांत लग्न होऊ शकते, पण ते तीस दिवस महाग पडतात.

फार गंभीर झालो वाटते. गुरुजींनी विचारलेच, "आणि सर, तुमचं काय? लव्ह का अरेंज?" तेव्हा तेही सांगतो.

आमचे लग्न रीतसर कांदेपोह्यांचे. वीसेक वर्षे झाली. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी पोह्यांकडे पाहत होतो आणि ती माझ्या बुटांकडे. दोघांनी घरच्यांना "तुम्ही म्हणाल तसं" एवढेच सांगितले. लग्न झाले, बारामतीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले. ती इंदापूरच्या बाजूला शाळेवर जायला लागली आणि मी कॉलेजात. बोलायचो ते भाजी, गॅस आणि पगाराच्या तारखेविषयी. भांडण नव्हते. प्रेम म्हणाल तर तेही नव्हते, किंवा असेल तर ते आम्हा दोघांच्या ओळखीचे नव्हते.

मग एकदा गळिताच्या हंगामात, डिसेंबर असेल, ती नेहमीच्या गाडीला आली नाही. तिच्याकडे तेव्हा मोबाईल नव्हता. मी उगाच फिरायला म्हणून निघालो आणि पाय स्टँडकडे वळले. इंदापूरकडची एक गाडी आली, ती नव्हती. दुसरी आली, तीतही नव्हती. कंट्रोलरला विचारले तर तो म्हणाला, भवानीनगरपाशी उसाचे ट्रॅक्टर अडकलेत, गाड्या मागंपुढं होतील. थंडी वाजत होती. मी बाकावर बसून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचू लागलो. वालचंदनगर, अंथुर्णे, सणसर. आणि एकाएकी ध्यानात आले की आपण गाड्या मोजतो आहोत, आणि घशात काहीतरी अडकले आहे, आणि आता ती उतरली नाही तर काय करायचे हे आपल्याला सुचत नाही. एम. ए. ला शृंगाररसाचे विभाव-अनुभाव तोंडपाठ केले होते, पण स्टँडवर ओळखायला तीन गाड्या लागल्या!

चौथ्या गाडीतून ती उतरली. मी चटकन उठून पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन मासिक चाळू लागलो. ती जवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही इथं?" मी म्हटले, "मासिक घ्यायला आलो होतो." दोघे घरी चालत आलो. वाटेत ट्रॅक्टरवाल्यांना मी फार शिव्या दिल्या.

हे भाषण लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे सौभाग्यवतींना वाचायला दिले. तिने सगळे वाचले, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला.

"तुम्ही बाकावर बसलेले मला गाडीतूनच दिसला होता," ती म्हणाली. "आणि एक दुरुस्ती करा. नेहमीची गाडी चुकली नव्हती. मी सोडली होती."

"का?"

"पाहावं म्हटलं, येता का ते," असे म्हणून ती कुकर उतरवायला आत गेली.